चाळीस मात्रांचा श्वास

हे लिहायला मी तीन वर्षे थांबलो. रुग्णालयातून सुटी देताना डॉक्टरांनी बजावले होते, "गुरुजी, तीन वर्षे छातीची एक्स-रे प्लेट स्वच्छ राहिली तर 'बरा झालो' म्हणा. तोवर 'सुधारतोय' एवढंच म्हणायचं." गेल्या महिन्यात तिसऱ्या वर्षाची प्लेट काढली. स्वच्छ आहे. म्हणून आता लिहितो.

ज्यांना क्षय नुकताच कळला आहे किंवा ज्यांच्या घरात तो कोणाला झाला आहे, त्यांच्यासाठी हे आहे. औषधांचे डॉक्टर सांगतील. मी माझ्यावर काय गुजरले ते सांगणार आहे. एक चूकही सांगणार आहे, जी गाणाऱ्या आणि मोजणाऱ्या माणसाकडूनच व्हावी अशी होती.

मी कळंबला शाळेत गणित शिकवतो. घरात पत्नी इंदू आणि मुलगी शकू, एवढेच. आजार कळला तेव्हा माझे वय चव्वेचाळीस होते आणि शकूचे बारा.

मागची जागा

पस्तिशीत मी गाणे शिकायला लागलो. उशीरच तो. पण आधी शिकवणारे कोणी जवळ नव्हते. संस्थान गेले, जहागिरी गेल्या, आणि एका जहागीरदाराच्या पदरी गाणारे खाँसाहेब आपल्या गावी, धाराशिवला, परत आले. दर्ग्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि एक अंगण. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी मोटारीने त्यांच्याकडे जायचो आणि रविवारी संध्याकाळी परत यायचो. नऊ वर्षांत अकरा शनिवार चुकले.

खाँसाहेबांचा एक शिरस्ता होता. पहिले वर्ष शागिर्दाने फक्त तंबोरा लावायचा आणि ऐकायचे. मग बैठकीत त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसायचे. या मागच्या माणसाचे काम दिसायला सोपे असते. पुढचा गवई श्वास घ्यायला थांबला की मागच्याने तोच सूर उचलून धरायचा, म्हणजे धागा तुटत नाही. श्रोत्यांना ते कळताही कामा नये. अशी काही वर्षे गेली की एखाद्या दिवशी खाँसाहेब बोटाने पुढची जागा दाखवत. त्या दिवशी शागिर्द पहिल्यांदा लोकांसमोर गायचा. याला ते 'हाजिरी' म्हणत. आपल्या गुरुपौर्णिमेला, दुपारी, त्यांच्याच अंगणात.

तो दिवस कधी येणार, हे कोणालाच माहीत नसे. 'कोणालाच माहीत नाही' हे उत्तर मला सोसत नाही. मला मोजायला काहीतरी हवे असते.

ते मला एका चहाच्या वेळी सापडले. खाँसाहेब सहज म्हणाले, "जवानी में हम एक साँस में चालीस मात्रा षड्ज लगाते थे, मास्टर." मी मनाशी ठरवून टाकले की चाळीस झाले की पुढची जागा. खाँसाहेबांना मी हे कधी विचारले नाही.

वही

रोज पहाटे भिंतीवरच्या घड्याळासमोर बसायचे, लंबकाचा एक ठोका म्हणजे एक मात्रा धरायची, आणि एका श्वासात षड्ज किती टिकतो ते वहीत लिहायचे. पहिल्या वर्षी बावीस. पाचव्या वर्षी एकतीस. आठव्या वर्षीच्या दसऱ्याला छत्तीस. मागे बसणाऱ्यांत माझ्याइतका दम कोणाचा नव्हता, आणि याचा मला गर्व होता. चार राहिले होते.

त्या दिवाळीनंतर आकडा उतरू लागला. चौतीस, एकतीस, अठ्ठावीस. सोबत कोरडा खोकला होता. संध्याकाळी अंगात कणकण असायची. ती मी शाळेच्या थकव्याला लावली. सदरा सैल झाला होता, तो मी धोब्याला लावला. आणि आकडा उतरला तो मी आळसाला लावला. रियाज एक तासाचा दोन तास केला.

इंदू एका सकाळी चुलीपुढून म्हणाली, "अहो, चार दिवस गप बसा की. आवाज नुसता फाटलाय."

"गप बसल्यानंच आकडा उतरतोय."

"आकडा ऱ्हाऊ द्या. पोळ्या तीनाच्या दोन झाल्यात तुमच्या, ते नाही का लिहीत वहीत?"

मी ते लिहीत नव्हतो. महाशिवरात्रीला वहीत एकवीस होते, आणि मी रियाज अडीच तास केला.

हीच माझी चूक. मोजण्यात वाईट काही नाही. मोजून आलेल्या आकड्याला आपल्या मनचे कारण चिकटवले, ते वाईट.

कळले तो दिवस

धाराशिवला एका वकिलांच्या घरी दुपारची बैठक होती. मी नेहमीप्रमाणे मागे होतो. खाँसाहेबांनी वरचा षड्ज लावला, धरला, आणि श्वासासाठी सोडला. मी उचलायला गेलो तर छातीत हवाच नव्हती. नुसता तंबोरा वाजत राहिला. फार तर दोन मात्रा. पण खाँसाहेबांनी मान वळवून मागे पाहिले. नऊ वर्षांत त्यांनी गाताना मागे पाहिले नव्हते.

बैठक संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले. "खाँसी कबसे है?"

"गळा बसलाय, खाँसाहेब. रियाज जरा जास्त..."

"गला हमकू नक्को सिखाओ. ये गला नहीं, सीना है. कल के कल डाक्टर."

दुसऱ्या दिवशी इंदूला घेऊन सोलापूरला गेलो. डॉक्टरांनी प्लेट उजेडासमोर धरली आणि विचारले, "त्रास कधीपासून?" मी सवयीने पिशवीतून वही काढून दिली. त्यांनी पाने उलटली. बराच वेळ उलटली.

"हे काय आहे?"

मी सांगितले.

ते म्हणाले, "गुरुजी, इतका नेटका तक्ता माझ्या दवाखान्यात एकाही पेशंटचा नाही. तुमचं फुप्फुस कसं कसं गेलं ते तारीखवार लिहिलंय तुम्ही. फक्त त्याला नाव आळसाचं दिलंय." मग त्यांनी आजाराचे नाव सांगितले.

त्या क्षणी मनात काय आले ते खरे सांगतो, कारण खोटे सांगून कोणाला उपयोग नाही. पहिला विचार चाळीसचा आला. आता ते होणार नाही. दुसरा विचार खाँसाहेबांचा आला. सत्तरीच्या माणसाच्या मानेमागे बसून मी चार महिने खोकलो होतो. तिसरा विचार इंदू आणि शकूचा. हा क्रम मला नंतर पुष्कळ दिवस टोचत राहिला. दुसऱ्या कोणाचा क्रम असाच लागला तर त्याने स्वतःला फार दोष देऊ नये. घाबरलेले मन रांगेत उभे राहत नाही.

इंदूने एकच विचारले, "बरं होतं ना हे?" डॉक्टर म्हणाले, होते. ती म्हणाली, "मग झालं," आणि मोटारीत बसल्यावर पदर तोंडाला लावून बार्शीपर्यंत रडली.

फुलीचे ताट

इंदूची आणि शकूची प्लेट स्वच्छ निघाली. खाँसाहेबांना मी पत्रात हात जोडून लिहिले की तपासून घ्या. दोन आठवड्यांनी उत्तर आले: "सीना पाक है. तुम अपना देखो." त्या कार्डावर मी पहिल्यांदा रडलो.

माझ्या ताटावर इंदूने खिळ्याने एक फुली ओरखडली, म्हणजे ते दुसऱ्या ताटांत मिसळणार नाही. रोज ते वेगळे उकळायची. चौथ्या दिवशी लोहाऱ्याहून तिचा भाऊ आला. ओसरीवर टेकला, पण आत आला नाही.

"भावजी, राग मानू नका. शकूला मी घेऊन जातो. हवापालटाला नेली म्हणून सांगू. पोरीच्या पुढचं बघावं लागतं."

त्याचे म्हणणे चूक नव्हते. तरी मी त्याच्याकडे बघितले नाही. शकू निघताना नमस्काराला वाकू लागली, तशी इंदू पटकन म्हणाली, "लांबूनच." शकूने जिथे होती तिथेच जमिनीला हात लावला.

माळावर

रुग्णालय सोलापूरच्या पलीकडे एका उघड्या माळावर होते. तिथे मी आठ महिने राहिलो. सहाला ताप बघायचा, सातला दूध, दहाला सुई, एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. दुपारी दोन ते चार सक्तीची शांतता. रविवारी वजन. मी दाखल झालो तेव्हा चौऱ्याण्णव पौंड होतो. दुधात कच्चे अंडे फेटून द्यायचे. आमच्या सात पिढ्यांत कोणी अंड्याला शिवले नव्हते. मी डोळे मिटून प्यायलो आणि घरी कळवले नाही. दीड वर्षाने इंदूला सांगितले तर म्हणाली, "मला पहिल्याच भेटीला वास आला होता."

गायला बंदी होती, गुणगुणायलाही. पहिले काही आठवडे माझी बोटे चादरीवर ताल धरायची. सिस्टर म्हणायच्या, "गुरुजी, हात पण झोपवा."

शेजारच्या खाटेवर तामलवाडीचा गोरोबा होता. चाळिशीचा शेतकरी, गावच्या भजनात गाणारा. मी त्याला माझ्या वहीचे आणि चाळीसचे सांगितले तेव्हा तो खाटेवर उठून बसला.

"मास्तर, यका दमात चाळीस? कशापायी?"

"पुढं बसायला मिळावं म्हणून."

"आमच्यात न्हाय बा असलं. दम सरला की शेजारचा उचलतो. त्याचा सरला की आपुन. लई दमाचा माणूस भजनात कामाचा न्हाय, दुसऱ्याला उचलूच देत न्हाय त्यो."

मी त्याला म्हणालो, भजन वेगळे, ख्याल वेगळा. तो म्हणाला, "आसंल बाबा," आणि कुशीवर वळला.

कान

त्रेचाळिसाव्या सुईनंतर माझ्या डाव्या कानात सूर वाजू लागला. बारीक, एकसारखा. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले होते: ही सुई कोणाकोणाच्या कानावर जाते, आवाज येऊ लागला तर लगेच सांगा.

मी पाच दिवस सांगितले नाही. सुई थांबली तर छाती जाईल, चालू राहिली तर कान जाईल. फुप्फुस अर्धे राहिले तरी माणूस थोडे गाऊ शकतो. कान गेल्यावर काय करणार? पण छातीच गेली तर कान कोणासाठी ठेवायचा? असे पाच दिवस.

सहाव्या दिवशी मी गोरोबाला सांगितले, कारण कोणाला तरी सांगणे भाग होते. त्याने माझे फुलपात्र घेतले, आपले घेतले, दोन्हींत पाणी भरले, एकातले थोडे कमी केले. माझ्या पाठीमागे जाऊन चमच्याने हळूच वाजवले.

"वरचा का खालचा?"

"वरचा."

"आता?"

"खालचा."

"आता?"

मी थांबलो. फरक लागत नव्हता. मग म्हणालो, "दोन्ही सारखे वाटतात रे."

"सारखेच हायती. पाणी सारखं केलं म्या," गोरोबा म्हणाला. "कान शाबूत हाय तुमचा. आता जावा आन् डाक्टरला सांगा. न्हायतर मी वरडून सांगतो."

मी सांगितले. डॉक्टर रागावले, पाच दिवसांसाठी. मग रोजची सुई आठवड्यातून दोनदा केली आणि गोळ्यांवर भर दिला. दाखल झालेल्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे: डॉक्टरांपासून काही झाकू नका. दोन वाईट वाटांमधली तिसरी वाट आपल्याला दिसत नाही, त्यांना कधी कधी दिसते.

कानातला सूर मंद झाला, पण गेला नाही. आजही आहे. तो माझ्या षड्जाशी जुळतो, असे लिहायला बरे वाटले असते. जुळत नाही. दोन सुरांच्या मधे कुठेतरी आहे आणि वाईट शेजाऱ्यासारखा आहे. मी तंबोरा आता उजव्या बाजूला घेतो.

शेखी

सहाव्या महिन्यात खाँसाहेब भेटायला आले. दोन मोटारी बदलून, एकटे. व्हरांड्यात खुर्ची लांब ठेवून बसले. वजन विचारले. मी म्हणालो, "एकशे सहा." ते म्हणाले, "चलो, बकरे के बराबर तो हुए."

मग मी मनात होते ते बोललो. "खाँसाहेब, चाळीस आता या जन्मी होत नाहीत. पुढची जागा माझ्या नशिबात नाही."

"कायके चालीस?"

"तुम्हीच म्हणाला होता. तरुणपणी एका श्वासात चाळीस मात्रा."

त्यांना आठवेना. मी दिवस सांगितला, चहा सांगितला, वहीतले छत्तीस सांगितले. तेव्हा ते हसायला लागले. हसता हसता टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अरे मास्टर, वो तो शेखी थी! जवानी का नाम निकला तो आदमी चालीस बोलता, पचास बोलता. कौन गिनने बैठा था?"

एका फुशारकीच्या मागे मी आठ वर्षे पळालो होतो, आणि शेवटचे चार महिने तर फाटक्या फुप्फुसाने. खाँसाहेबांचे हसू थांबले. त्यांना ते उमगले असावे. जाताना टोपी घालत म्हणाले, "हमारी गलती है. तुम्हारे सामने आकडा बोलनाच नक्को था."

घरी

एकशे एकोणीस पौंडांवर मला घरी सोडले. गोरोबा महिनाभर आधीच सुटला होता. दर पौषात अजून त्याचा हुरडा येतो.

शकू लोहाऱ्याहून आली ती दारातच थांबली. मामाने तिला चार हात अंतर ठेवायला सांगितले होते. तिने खरोखर नजरेने चार हात मोजले, आणि तिथे बसून मला गणिताचा पेपर दाखवला. माझीच मुलगी. आम्ही दोघे बरेच दिवस त्या चार हातांवरून बोललो. ते अंतर कधी मोडले ते मला सांगता येत नाही. ते मी मोजले नाही.

वर्षाने डॉक्टरांनी गायला परवानगी दिली, रोज पाच मिनिटे. मी घड्याळासमोर बसलो. सात मात्रा. चार महिन्यांनी नऊ. आणखी दोन महिन्यांनी अकरा. तिथे आकडा थांबला. दोन महिने रोज अकरा. कधी दहा, पण बारा एकदाही नाही. एका फुप्फुसाचा वरचा भाग आता दगडासारखा आहे, असे डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे अकरा हेच उत्तर होते.

ते घेऊन मी गुरुपौर्णिमेच्या आदल्या शनिवारी धाराशिवला गेलो. इंदूला सांगून गेलो होतो की रजा मागून येतो. ती म्हणाली, "मागा. पण त्यांनी दिली नाही तर माझ्यावर चिडू नका."

खाँसाहेबांपुढे मी वही ठेवली. "अकरा," मी म्हणालो. "मागं बसून सूर भरायला हे पुरत नाही. मला मोकळं करा."

त्यांनी वहीकडे पाहिलेही नाही. "सही बोले. पीछे के लायक अब तुम नहीं रहे. पीछे दम लगता."

मी मान खाली घातली.

"तो आगे बैठो."

मला वाटले ते थट्टा करतात. ते म्हणाले, "आगे वाले को दम कम चलता, मास्टर. कहाँ छोड़ना, वो आना चाहिए. पूरे छत्तीस थे तब तुम छोड़तेच नहीं थे. हम साँस लेके बैठे, और तुम पीछे लटके हुए. अब छोड़ना आया होगा."

हाजिरी

गुरुपौर्णिमेच्या दुपारी अंगणात सत्तावीस माणसे होती. इंदू बायकांत बसली होती आणि शकू तिला चिकटून. मी पुढच्या जागेवर बसलो. भीमपलास गायचा, संथ तीनतालात. लय आधीच ठरली होती, मात्रेला घरच्या लंबकाचा एक ठोका. सोळा मात्रांचे आवर्तन आणि माझ्याजवळ अकरा. हे गणित मी रात्रभर सोडवले होते आणि ते सुटले नव्हते.

मागे तंबोरा घेऊन कोण बसणार, ते ठरले नव्हते. एक तरुण शागिर्द उठला. खाँसाहेबांनी त्याला हाताने बसवले, भिंतीला धरून स्वतः उठले, आणि माझ्यामागे येऊन तंबोरा मांडीवर घेतला. अंगणात कुजबुज झाली. ते कोणाच्या मागे बसलेले कोणी पाहिले नव्हते. तो शागिर्द घाईने म्हणाला, "खाँसाहेब, मी बसतो की मागं. तुम्ही कशाला?"

"तू बैठ. इनका दम किधर टूटता, तेरेकू क्या मालूम?"

मी सुरुवात केली. पहिली आवर्तने मी छोटी छोटी घेतली, घाबरत, दर चार-पाच मात्रांना श्वास घेत. मग पाठीमागून हळू आवाज आला, "लगाओ." मी समेवर वरचा षड्ज लावला आणि धरला. आठ. नऊ. दहा. अकराव्या मात्रेला छातीत तो दगड लागला. पूर्वी मी तिथे रेटला असता. मी सोडला.

बाराव्या मात्रेला तोच सूर माझ्या उजव्या कानामागून आला. म्हातारा, जरा खरखरीत, पण जागेवर. तेरा, चौदा. मी शांतपणे श्वास घेतला, घाई नव्हती. पंधरा, सोळा. समेवर मी पुन्हा होतो.

श्रोत्यांतल्या कोणाला काही कळले नाही. शकूला कळले. घरी जाताना मोटारीत तिने विचारले, "बाबा, मधे तुम्ही नव्हता ना?"

"नव्हतो," मी म्हणालो. "पाच मात्रा."

वहीत मी त्या दिवशीची नोंद केली. माझ्या अकरा, त्यांच्या पाच. बेरीज सोळा.